आपत्काळासाठी साबण: कच्चा माल साठवावा की तयार वड्या?

प्रश्न – महालकर

आमचे कुटुंब पाच माणसांचे आहे आणि आम्ही नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या घराच्या तळमजल्यावर राहतो. धान्य, डाळी, तेल आणि तिखट-मीठ यांचा वर्षभराचा साठा करण्याची पद्धत आमच्याकडे आजीच्या काळापासून आहे. साबणाच्या बाबतीत मात्र संपला की आणायचा, एवढाच आमचा विचार असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दुकानात साबणाची एकही वडी उरली नव्हती. मार्च २०२५ मध्ये संचारबंदी लागली तेव्हा काही दिवस दुकानापर्यंत जाणेच शक्य नव्हते, आणि शेवटची झिजलेली चिपटी आम्ही पाच जणांत पुरवून वापरली. धान्याने भरलेल्या घरात साबणासाठी ही वेळ यावी, याची मला लाज वाटली.

म्हणून या वेळी नीट तयारी करावी, असे ठरवले आहे. माझी योजना अशी आहे की खोबरेल तेलाचा पंधरा किलोचा एक डबा आणि पाच किलो कॉस्टिक सोडा घरात आणून ठेवावा आणि गरज पडेल तेव्हा त्यातून घरीच साबण तयार करावा. तयार वड्या साठवण्यापेक्षा यात आपण अधिक स्वावलंबी राहू, असे मला वाटते. पत्नीचे मत याच्या नेमके उलट आहे. तिच्या मते दोन-तीन डझन वड्या आणून माळ्यावर टाकल्या की विषय संपला.

जाणकारांना माझी विनंती आहे की पाच माणसांना महिन्याला किती साबण लागतो, कोणत्या प्रकारचा साबण ठेवावा, आणि माझी योजना व्यवहार्य आहे की नाही, हे स्पष्टपणे सांगावे. योजना चुकीची असेल तर तसे लिहिण्यास कृपया संकोच करू नये.

उत्तर – अंबाझरी लेआउटमधील गृहिणी

भाऊ, तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पटते. त्यात मी फक्त एक भर घालीन, आणि ती भर मला फार महागात शिकायला मिळाली आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली आणि आमच्या घरात बघता बघता मांडीपर्यंत पाणी चढले. साबणाचा साठा आमच्याकडेही होता, पण तो स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेला होता. कपडे धुण्याची पावडर पहिल्या तासातच विरघळून गेली. वड्या शाबूत राहिल्या, पण त्या ज्या पाण्यात भिजल्या होत्या त्यात अर्ध्या शहराचे सांडपाणी होते, आणि त्या अंगाला लावण्याची आमची हिंमत झाली नाही. वरचा थर सुरीने खरवडून त्या आम्ही फरशी घासण्यासाठी वापरल्या. चिखल उपसण्याच्या त्या चार-पाच दिवसांत हात धुण्यासाठीचा चांगला साबण आम्हाला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दिला. त्यामुळे तळमजल्यावर राहणाऱ्याने साठा किती करावा यापेक्षा तो किती उंचावर ठेवावा, हे आधी ठरवावे.

दुसरी गोष्ट उंदरांची. साबण हा शेवटी चरबीचाच पदार्थ असल्यामुळे उंदीर तो आवडीने कुरतडतात. जुन्या घरात तर हा त्रास हमखास होतो, म्हणून घट्ट झाकणाची पत्र्याची पेटी वापरावी. ही पेटी धान्याच्या कोठीत किंवा चहाच्या डब्याशेजारी ठेवू नये, कारण चहा आणि तांदूळ साबणाचा वास फार लवकर ओढून घेतात. एकदा आमच्या घरी आठ दिवस चंदनाच्या वासाचा भात शिजत होता आणि मुलांनी त्यावरून माझी जी थट्टा केली ती अजून थांबलेली नाही.

माझ्या सासूबाई नवीन वड्यांची वेष्टने काढून त्या महिना-दोन महिने माळ्यावर उघड्या ठेवत असत आणि मगच वापरायला काढत. वाळलेली वडी कमी झिजते आणि जास्त दिवस पुरते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत हे काम आपोआप होते. सुगंध थोडा उडतो, पण आपत्काळात सुगंधाची फारशी चिंता कोणी करत नाही.

उत्तर – निवृत्त तेलतंत्रज्ञ

माझे शिक्षण याच शहरातील लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तेल विभागात झाले आणि नोकरीची बरीच वर्षे साबणाच्या कारखान्यात गेली. त्या आधारावर आपल्या योजनेबद्दल मोकळेपणाने लिहितो.

आपण ज्या दोन वस्तू साठवू इच्छिता त्या दोन्ही साबणापेक्षा कमी टिकतात, ही या योजनेतील मूळ अडचण आहे. कॉस्टिक सोडा हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. पिशवी एकदा उघडली की पावसाळ्यात त्याचे कण एकमेकांना चिकटतात, ओलसर गोळे होतात आणि त्यातील काही भागाचे हळूहळू धुण्याच्या सोड्यात रूपांतर होते. असा सोडा वजनाने पूर्ण भरला तरी गुणाने कमी पडतो, आणि साबणाचे सगळे गणित वजनावर चालत असल्यामुळे घाणा, म्हणजे एका वेळी केलेला साबण, बिघडतो. तेलाचेही तसेच आहे. खोबरेल तेल त्यातल्या त्यात पुष्कळ टिकते, पण जवस, करडई किंवा सूर्यफूल यांसारखी तेले नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात फार लवकर खवट होतात आणि त्यांपासून केलेल्या वड्यांवर काही महिन्यांतच तांबूस डाग पडू लागतात. याउलट नीट वाळवलेली साबणाची वडी कोरड्या जागी दोन-तीन वर्षे सहज टिकते. तेव्हा तेल दीर्घकाळ साठवायचेच असेल, तर ते साबणाच्या रूपात साठवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरी अडचण वेळेची. थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता, केलेला साबण दुसऱ्या दिवशी साच्यातून निघतो खरा, पण त्यानंतर त्याला चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळवावे लागते. एवढ्या काळात बहुतेक संकटे येऊन निघूनही जातात. त्यातही संकटाच्या दिवशी, घरात वीज नसताना, अंधारात, मुले भोवती वावरत असताना कॉस्टिक सोड्याचे द्रावण तयार करणे हा मोठाच धोका आहे. तळमजल्यावरच्या घरात पाच किलो सोडा ठेवला आणि पाणी घरात शिरले तर काय होईल, याचाही विचार करावा. पाण्यात सोडा विरघळताना तीव्र उष्णता निर्माण होते आणि ते पाणी कातडी जाळते.

आपल्या आकड्यांबद्दलही थोडे लिहितो. एक ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यासाठी सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. थोडे तेल मोकळे राहावे आणि साबण सौम्य व्हावा म्हणून त्यात पाच टक्के कपात केली, तर पंधरा किलो तेलाला सुमारे २.६ किलो सोडा पुरतो, म्हणजे आपल्या पाच किलोंपैकी जवळजवळ निम्मा नुसताच पडून राहील. शिवाय निव्वळ खोबरेल तेलाचा साबण फेस भरपूर देतो, पण कातडी कोरडी करतो. तो कपडे-भांड्यांसाठी उत्तम आहे, रोजच्या अंघोळीसाठी तितकासा नाही.

तरीही साबण करण्याची कला शिकून ठेवण्यास माझा विरोध नाही. उलट ती जरूर शिकावी, पण डिसेंबर-जानेवारीत, निवांतपणे आणि छोट्या घाण्यावर शिकावी. त्या महिन्यांत तयार केलेला साबण होळीपर्यंत पूर्ण वाळलेला असतो. मे महिन्यात मिश्रण आपल्याच उष्णतेने तापून फुगते आणि तडकते, तर पावसाळ्यात वड्यांना घाम सुटत राहतो. पहिल्या घाण्यासाठी ७०० ग्रॅम पामतेल आणि ३०० ग्रॅम खोबरेल तेल घ्यावे आणि त्यासाठी १४५ ग्रॅम कॉस्टिक सोडा ३०० ग्रॅम थंड पाण्यात विरघळवावा. वजन डिजिटल काट्यावरच करावे. कपाने किंवा चमच्याने मोजलेला साबण मी आयुष्यात कधी हातात घेतला नाही. सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे असावे. ॲल्युमिनियमचे, म्हणजे ज्याला आपल्याकडे जर्मनचे भांडे म्हणतात ते, चुकूनही वापरू नये, कारण सोडा त्या धातूला खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यक आहे. द्रावण आणि तेल दोन्ही हाताला कोमट लागतील इतके निवले की द्रावण बारीक धारेने तेलात सोडून ढवळावे आणि पळीतून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहू लागली की मिश्रण साच्यात ओतावे. अंगावर थेंब उडालाच तर व्हिनेगर किंवा लिंबू शोधत बसू नये; वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे तो भाग धुवावा, आणि थेंब डोळ्यात गेला असेल तर धुऊन झाल्याबरोबर दवाखाना गाठावा.

आता विकतच्या साबणाविषयी. वेष्टनावर ‘टॉयलेट सोप’ आणि त्याखाली श्रेणी छापलेली असते. भारतीय मानकांनुसार पहिल्या श्रेणीत एकूण स्निग्धांश किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० टक्के आणि तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के असावा लागतो. ‘बेदिंग बार’ असे लिहिलेल्या वड्यांत तो याहून बराच कमी, अगदी ४० टक्क्यांपर्यंत, असू शकतो. अंघोळीसाठी आणि लांबच्या साठ्यासाठी पहिली श्रेणी निवडावी, हा सर्वसाधारण नियम झाला.

पण नागपुरात या नियमाला एक मोठा अपवाद आहे. पेंच आणि कन्हान या नद्यांवरून येणारे नळाचे पाणी बंद पडले की आपण सगळे बोअरवेल आणि विहिरींकडे वळतो आणि ते पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढरट, चिकट साका तयार करतात, फेस येत नाही आणि साबण वाया जातो. डिटर्जंटची वडी किंवा पावडर अशा पाण्यातही काम करते. म्हणून कपडे-भांड्यांसाठी डिटर्जंट आणि हातापायांसाठी उत्तम श्रेणीचा साबण, अशी विभागणी करावी. निव्वळ खोबरेल तेलाच्या साबणाला मात्र जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस येतो, आणि खलाशांसाठी समुद्राच्या पाण्यात चालणारा साबण याच तेलापासून करत असत. तेव्हा तुमच्या डब्यातली निवड अगदीच चुकीची नव्हती.

महालकर

दोघांचेही मनापासून आभार. माझी योजना इतकी कच्ची असेल, असे वाटले नव्हते. दोन शंका राहिल्या आहेत. तळणीचे उरलेले तेल साबणासाठी वापरता येईल का? आणि आजी चुलीच्या राखेने हात धूत असे, त्या राखेपासून सोडा तयार करता येतो असे ऐकले आहे, ते खरे आहे का? शिवाय दर महिन्याला किती साबण लागतो, हा माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे.

उत्तर – सार्वजनिक आरोग्य परिचारिका

महिन्याच्या गरजेचे उत्तर मी देते. आपत्तीतील मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत एका माणसाला महिन्याला अंगासाठी २५० ग्रॅम आणि कपड्यांसाठी २०० ग्रॅम साबण धरला आहे. या हिशेबाने पाच माणसांना महिन्याला अंगाचा साबण सव्वा किलो आणि कपड्यांचा एक किलो लागतो. तीन महिन्यांचा साठा म्हणजे शंभर ग्रॅमच्या साधारण अडतीस वड्या आणि तीन किलो डिटर्जंट. घरात तान्हे बाळ, अंथरुणाला खिळलेले वृद्ध किंवा पाळीच्या वयातील मुली असतील तर याहून थोडा जास्त साबण ठेवावा.

सॅनिटायझरच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नये. चिखलाने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही आणि पुरानंतर सगळ्यांचे हात चिखलानेच माखलेले असतात. त्यातील अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत त्याचा साठा करणे धोक्याचेही आहे.

खरी टंचाई साबणाची नसते, पाण्याची असते. यासाठी मी शिबिरांत एक साधी युक्ती दाखवते. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने एक भोक पाडावे आणि बाटली उलटी टांगावी. त्या बारीक धारेखाली एक लिटर पाण्यात चार-पाच जणांचे हात निघतात. आधी हात ओले करावेत, मग धार बंद ठेवून वीस सेकंद बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली साबण चोळावा आणि शेवटी पुन्हा धार सोडावी. घरात वड्या अगदीच कमी उरल्या असतील तर दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम डिटर्जंट पावडर विरघळवून ते पाणी हात धुण्यासाठी वापरता येते. त्या पाण्याच्या बाटलीवर मात्र मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवावे, कारण लहान मुले ते सरबत समजून पितात.

साबणाचा एक उपयोग या चर्चेत अजून आला नाही आणि नागपूरच्या गल्लीबोळांत तो फार महत्त्वाचा आहे. कुत्रे चावल्यास जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने सलग पंधरा मिनिटे धुवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस त्यानंतर घ्यायचीच असते, पण धुण्याचे काम दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबवून ठेवायचे नसते. रस्ते बंद असतील तेव्हा त्या पंधरा मिनिटांचे मोल फार वाढते. म्हणून एक वडी साठ्याच्या पेटीत न ठेवता प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवावी.

उत्तर – निवृत्त तेलतंत्रज्ञ

तळणीच्या तेलाचा साबण होतो. मात्र ते तेल गाळून घ्यावे लागते, त्याचा वास साबणात उतरतो, आणि असा साबण भांडी व फरशी यांपुरताच ठेवावा. आपल्या विदर्भात टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल मिळाल्यास ते याहून कितीतरी चांगले. वर्ध्याच्या ग्रामोद्योगाच्या परंपरेत अखाद्य तेलांपासून साबण करण्यावर पुष्कळ काम झाले आहे आणि मोहाचे तेल त्या कामाला छान जुळते. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो, म्हणून पामतेलाच्या जागी दुसरे तेल घेताना हिशेब नव्याने करावा.

राखेच्या निवळीत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. त्याची ताकद दर वेळी बदलते आणि त्यापासून झालाच तर मऊ, लिबलिबीत साबण होतो, वडी होत नाही. आजी करत होत्या तेच बरोबर होते. लाकडाची पूर्ण जळालेली पांढरी राख चाळून हातांवर चोळली तर साबण नसताना ती चांगले काम देते. रंगवलेल्या लाकडाची, कोळशाची किंवा कचरा जाळलेली राख मात्र वापरू नये. रिठाही घरात ठेवण्यासारखा आहे. तो वर्षानुवर्षे टिकतो आणि कोमट पाण्यात भिजवून चोळला की फेस देतो.

उत्तर – वर्ध्याहून एक वाचक

बचत गटात साबण करणाऱ्या एका बहिणीच्या वतीने एकच सूचना करतो. घरी वापरण्यासाठी केलेल्या साबणाला कोणी विचारत नाही, पण तो विकायचा झाला तर सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार उत्पादनाचा परवाना लागतो. उत्साहाच्या भरात शेजाऱ्यांकडून पैसे घेण्याआधी हे ध्यानात असू द्यावे.

महालकर

ठरले तर. तीन महिन्यांच्या हिशेबाने पहिल्या श्रेणीच्या चाळीस वड्या आणि तीन किलो डिटर्जंट पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर, धान्यापासून दूर ठेवणार आहे. जुन्या वड्या आधी काढून त्यांच्या जागी नव्या ठेवायच्या, असा क्रम पत्नीने घालून दिला आहे, आणि पेटीची किल्लीही तिच्याकडेच आहे. साबणाचा पहिला घाणा डिसेंबरात करीन.

एक कबुली द्यायची राहिली. प्रश्न विचारण्याआधीच मी एक किलो कॉस्टिक सोडा घेऊन आलो होतो. पिशवी अजून फोडलेली नाही. ती सध्या स्वयंपाकघरात फडताळात आहे. ती परत करावी की ठेवावी?

उत्तर – निवृत्त तेलतंत्रज्ञ

पिशवी फोडलेली नसेल तर ठेवावी. एका घाण्याला १४५ ग्रॅम याप्रमाणे एक किलोत सहा घाणे निघतील आणि थोडा सोडा उरेल. पिशवी आहे तशीच घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत घालावी, बरणीवर ‘विष – कॉस्टिक सोडा’ असे ठळक लिहावे आणि ती मुलांच्या हाताला न लागणाऱ्या, उंचावरच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. पिशवी फोडल्यावर उरलेला सोडा त्याच हिवाळ्यात संपवावा, पुढच्या पावसाळ्यासाठी शिल्लक ठेवू नये. तो दिसायला खडेमिठासारखा असतो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फडताळातून तो कृपया आज रात्रीच हलवावा.